रिकामा परत आलेला डबा

दत्तजयंती विशेषांकासाठी 'दान' या विषयावर काही लिहा, असे संपादकांनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी प्रवचनकार नाही, शास्त्राचा अभ्यासक तर नाहीच नाही. बी.कॉम. होऊन १९८२ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क-कम-कॅशियर म्हणून चिकटलो आणि २०१९ साली तिथूनच निवृत्त झालो. सगळी हयात व्हाउचर आणि लेजर यांत गेली. मी दानावर काय लिहिणार? पण संपादक म्हणाले, "तुम्ही हिशेबाचंच लिहा की." तेव्हा वाचकहो, हे दानाच्या हिशेबाविषयी आहे. चुकले तर पदरात घ्यावे.

निवृत्तीनंतर आमच्या गावातल्या एका छोट्या न्यासाचे हिशेब मी विनामूल्य पाहतो. न्यासाचे काम एकच. घरात एकटे राहणारे, चूल पेटवणे झेपत नाही असे जे वृद्ध आहेत, त्यांना दुपारचा डबा पोचवायचा. दोन ताई स्वयंपाक करतात, एक ताई आणि एक मुलगा डबे पोचवतात. त्या वर्षी ४२ डबे जात होते. सणवार, पुराचे दिवस आणि सुट्ट्या वजा जाता वर्षाचे ३१० दिवस धरायचे. एका डब्याला ३८ रुपये खर्च येई. गणित तुम्हीच करा, वर्षाला पाच लाखांच्या आसपास जाते. गावातल्या देणग्यांवर ते भागेना, म्हणून एका कंपनीकडे तीन लाखांसाठी अर्ज केला.

कंपन्या असा पैसा का देतात, हे थोडक्यात सांगतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांच्या वर आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झाले. जानेवारी २०२१ मध्ये नियम आणखी कडक झाले. ज्या कंपनीला या कामासाठी वर्षाला सरासरी १० कोटी किंवा अधिक रक्कम काढावी लागते, तिने १ कोटीच्या वरच्या प्रकल्पाचे, तो पुरा होऊन वर्ष लोटल्यावर, त्रयस्थाकडून मूल्यमापन करून घ्यायचे. म्हणजे पैसा खर्च झाला एवढे पुरत नाही, त्याने काय बदलले तेही दाखवायचे. आमचे तीन लाख त्या नियमाच्या जवळपासही नव्हते. पण मोठ्यांची रीत धाकट्यांपर्यंत येतेच. कंपनीची एक मुलगी, माझ्या पुतणीच्या वयाची, चांगली शिकलेली आणि आदबीने बोलणारी, फॉर्म घेऊन आली.

फॉर्म नऊ पानी होता. 'एकूण लाभार्थी', 'प्रति लाभार्थी खर्च', 'लाभार्थ्यांच्या जीवनात झालेला बदल', 'गळती'. आणि एक रकाना असा, 'लाभार्थी किती काळात स्वावलंबी होतील?' आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत, त्यांना आम्ही सर म्हणतो. सर म्हणाले, "लिहा, वैकुंठाला गेल्यावर." आम्ही हसलो, ती मुलगीही हसली. मग म्हणाली, "काका, मला पण वर हेच भरून द्यावं लागतं हो."

'गळती'च्या रकान्यात मी ५ लिहिले. त्या वर्षी आमचे पाच जण वारले होते. संगणकाने पुढे आपणहून लिहिले, गळती ११.९ टक्के. मी त्या आकड्याकडे बघतच राहिलो. त्या पाचांपैकी एका आजोबांना मी स्वतः खांदा दिला होता.

पण खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती माझ्या चुकीची आहे. 'एकूण लाभार्थी' समोर ४२ हा आकडा फार केविलवाणा दिसत होता. त्याच फॉर्मच्या मदतपत्रात नमुन्यादाखल दिलेले आकडे हजारांत होते. मी ४२ ला ३१० ने गुणले आणि लिहिले १३,०२०. तितकी जेवणे आम्ही खरोखरच दिली होती. एक पैशाचीही अफरातफर नव्हती. फक्त जेवणांचा आकडा माणसांच्या रकान्यात टाकला. मंजुरीचा निरोप आठवड्यात आला.

त्या रात्री झोप लागली नाही. कारण हा रकाना मी पूर्वी भरलेला होता.

१९८३-८४ ची गोष्ट. मी एका खेड्यातल्या शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे दिवस. २ ऑक्टोबर १९८० पासून तो देशातल्या सगळ्या गटांत सुरू झाला होता. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला म्हैस, शेळ्या, शिवणयंत्र, काहीतरी उत्पन्नाचे साधन घ्यायला बँकेने कर्ज द्यायचे आणि सरकारने सबसिडी. हेतू उत्तम होता, आजही मी तेच म्हणेन. पण मोजमाप कशाचे? किती कुटुंबांना कर्ज दिले याचे. मार्चएन्ड आला की टार्गेट. टार्गेट म्हटल्यावर एकाच म्हशीचे तोंड दोन-तीन प्रकरणांत दिसू लागले. म्हशीच्या कानात बिल्ला मारायचा असे. बिल्ले नवे, म्हैस जुनीच. मी खुर्चीवर बसून व्हाउचर पास करत होतो. मला माहीत होते का? अर्धे माहीत होते, अर्धे विचारले नाही.

एके दिवशी एक बाई काउंटरवर आली. पदरात गुंडाळलेले पैसे काढून ठेवले. म्हणाली, "म्हस भाकड निघाली सायेब. डोरलं मोडून हप्ता आणलाय." मी पावती फाडली. पंचायत समितीकडे त्या वर्षी जो अहवाल गेला, त्यात ती बाई 'लाभार्थी' होती. माझ्याच अक्षरात. तिचे डोरले कुठल्या रकान्यात घालायचे, हे फॉर्मवर नव्हते.

पुढे २०१४ च्या ऑगस्टनंतर जनधन खाती उघडली, तेव्हा 'शून्य शिल्लक खाती किती' हा रकाना आला. रकाना कमी दिसावा म्हणून काही ठिकाणी खात्यात एकेक रुपया टाकला गेला, हे बँकेतल्या बहुतेकांना ठाऊक आहे. एक रुपयाने कोणाची गरिबी हटत नाही, फक्त रकाना हटतो. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये अशाच अर्थाचे म्हटले होते, की ज्या आकड्यावर कारभाराचा दाब पडतो, त्या आकड्याचा भरवसा संपतो. त्याला ते चलनाच्या धोरणात दिसले, मला ते म्हशीच्या कानात दिसले.

आता कोणी म्हणेल, मग मोजूच नका. आमच्या सत्संगातले एक ज्येष्ठ स्नेही नेमके हेच म्हणतात. "दिलं आणि विसरलं, त्याला दान म्हणायचं. पंगतीत वाढताना आपण विचारतो का, की बाबा रे, जेवून तुझ्यात काय बदल झाला? भगवंतांनी सांगितलंय, फळाची आशा नको. हिशेब मागितला की दानाचा व्यापार झाला."

त्यांच्या बोलण्यावर मी बरेच दिवस विचार केला. पंगतीपुरते ते खरे आहे. समोर भुकेला बसला आहे, पानात भात पडला, तो जेवला, आपण डोळ्यांनी पाहिले. मोजमाप तिथल्या तिथे झाले. पण मी जेव्हा दुसऱ्याच्या हाती पैसे देतो, तो तिसऱ्याला देतो, आणि जेवणारा माझ्या डोळ्यांपुढे नसतो, तेव्हा न पाहणे हा वैराग्याचा भाग होतो की आळसाचा? गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, पण देश, काळ आणि पात्र पाहून दिलेले ते सात्त्विक. मोबदल्यासाठी किंवा फळावर डोळा ठेवून, जिवावर येऊन दिलेले ते राजस. भलत्या ठिकाणी, भलत्या वेळी, मान न ठेवता, तुच्छतेने दिलेले ते तामस. म्हणजे पाहा, एकाच ठिकाणी दोन्ही गोष्टी सांगितल्या. फळ स्वतःसाठी मागू नका, आणि डोळे मिटूनही देऊ नका. फळाची आसक्ती सोडणे वेगळे आणि फळाकडे पाठ फिरवणे वेगळे. शेतकरी पिकावर आसक्ती ठेवो न ठेवो, बी उगवले की नाही हे बघायला बांधावर जातोच. नाहीतर आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी गत व्हायची.

आणि नीट मोजल्याने माणसे वाचली आहेत, याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ पासून गावोगावच्या जन्ममृत्यूंची घरोघर जाऊन नोंद केली. ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केले. त्या बाळंतिणीच्या घरी जात, बाळाचे वजन घेत, श्वास मोजत, जंतुदोष दिसला तर उपचार करत. तुलनेसाठी ४७ गावे होती, जिथे नेहमीच्या सरकारी सेवा चालू होत्या. तिसऱ्या वर्षी त्या ३९ गावांतले नवजात बालकांचे मृत्यू तुलनेने ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. हे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, आणि २०११ पासून आशाताईंमार्फत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत देशभर सुरू झाली. त्या मोजणीतली प्रत्येक नोंद हे कोणाचे तरी बाळ होते. ज्या बाळाची नोंदच नाही, त्याच्यासाठी कोण रडणार आणि कोण औषध पाठवणार? तिथे मोजणे हेच दयेचे पहिले काम होते.

त्या ४७ गावांचे काय, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. माझ्याही येतो. तुलनेला गावे ठेवली नसती तर उपाय खरा की योगायोग, हे कळले नसते, आणि तो देशात पोचलाच नसता. तरी मनात थोडे खुपतेच. खुपू द्यावे, असे मला वाटते.

तुलना का लागते, हे बँकेत कळले होते. पाऊस चांगला झाला की त्या वर्षी कर्जाची वसुली वाढे, आणि शाखाधिकाऱ्याचे अभिनंदन होई. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला की तोच माणूस नालायक ठरे. पाऊस पडला वरून, हार पडला खाली. शेजारच्या शाखेचा आकडा बघितला असता तर कळले असते, की सगळीकडे तसेच आहे. दानातही हेच होते. आमचा डबा सुरू झाल्यावर एका आजींचे वजन वाढले. आम्ही खूश झालो. नंतर कळले, त्याच महिन्यापासून त्यांचा मुलगा पैसे पाठवू लागला होता.

दुसरा दाखला राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातला. तिथे लहान मुलांचे लसीकरण पूर्ण होत नव्हते. लोक अडाणी आहेत, त्यांना लस नको आहे, असे सगळे म्हणत. 'सेवा मंदिर' या संस्थेबरोबर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून घेतली. जिथे काहीच नवे केले नाही, तिथे सगळ्या लसी पूर्ण झालेली मुले ६ टक्के होती. जिथे ठरल्या दिवशी न चुकता शिबिर भरवले, तिथे १८ टक्के. जिथे शिबिरासोबत दर लशीला एक किलो डाळ आणि सगळ्या लसी झाल्यावर थाळ्यांचा संच दिला, तिथे ३९ टक्के. गंमत म्हणजे डाळ देऊनही एका मुलामागचा एकूण खर्च कमी आला, कारण परिचारिकेचा दिवस रिकामा जात नव्हता. २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना याच प्रकारच्या कामासाठी मिळाले. मला त्यातून एवढेच कळले, की आईला लेकराची काळजी होतीच. आड येत होती ती रोजंदारी बुडण्याची भीती आणि बंद असलेले केंद्र. मोजल्यामुळे तिच्यावरचा 'अडाणी' हा शिक्का पुसला.

तिसरा दाखला 'प्रथम' संस्थेचा. २००५ पासून त्यांची माणसे खेड्यांत घरोघर जाऊन मुलांना एक कागद वाचायला देतात. अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. बस्स. शाळेत नाव किती जणांचे, हा आकडा आपण वर्षानुवर्षे मिरवत होतो. या कागदाने दाखवले, की २०१८ साली देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतली जेमतेम निम्मी मुले, ५०.५ टक्के, दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. कोरोनानंतर २०२२ मध्ये ते ४२.८ वर आले. या अहवालाला 'असर' म्हणतात. असर म्हणजे परिणाम. हजेरी वेगळी आणि असर वेगळा.

हे सगळे त्या रात्री असेच आठवले असे नाही, काही नंतर वाचले. पण एक गोष्ट त्या रात्रीच कळली. गडचिरोलीची मोजणी आणि माझी मोजणी यांत फरक होता. तिथे बाळासाठी मोजले. मी देणाऱ्याला बरे वाटावे म्हणून मोजले.

सकाळी सरांकडे गेलो आणि सगळे सांगितले. सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पत्र लिहू या. पैसे गेले तर गेले." आमच्या डबे पोचवणाऱ्या ताई तिथेच भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "पैसे गेले तर डबे कोणाचे बंद करायचे, ते पण आत्ताच लिहून ठेवा." त्या रागाने नव्हत्या बोलल्या. पण सत्य बोलण्याची किंमत आम्ही दोघे म्हातारे भरणार नव्हतो, डबेवाले भरणार होते. हे त्यांच्याशिवाय आम्हाला सुचले नव्हते.

तरी पत्र लिहिले. माणसे ४२, जेवणे १३,०२०, मृत्यू ५, त्याला कृपया गळती म्हणू नये. त्या मुलीचा फोन आला. म्हणाली, "काका, आकडा बदलला की मलाही वर उत्तर द्यावं लागेल." आवाजात नाराजी होती, आणि ती रास्त होती. शेवटी तीन लाखांऐवजी दोन लाख मंजूर झाले. प्रति लाभार्थी खर्च एकदम फुगला ना! उरलेल्या लाखापैकी ६० हजार गावातून जमले. माधुकरीसारखेच, कोणी पाचशे, कोणी अर्धे पोते तांदूळ. ४० हजार न्यासाच्या ठेवीतून मोडावे लागले. ती ठेव अजून भरून निघालेली नाही. डबा मात्र एकही बंद केला नाही.

खर्च कमी दाखवायचा सोपा मार्ग होता, तोही सांगतो. एक आजोबा गावाबाहेर मळ्यात, तीन किलोमीटरवर एकटे राहतात. त्यांच्या एका डब्यासाठी मुलाचा पाऊण तास आणि पेट्रोल जाते. ते एक नाव कमी केले की सरासरी खर्च लगेच खाली येतो, कागदावर आम्ही कार्यक्षम ठरतो. पण डब्याची सर्वांत जास्त गरज कोणाला? जो सर्वांत लांब आहे त्यालाच. सरासरीला हे दिसत नाही. कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त माणसे, हा नियम वाईट नाही. मर्यादित पैसा असला की तो विचार करावाच लागतो. पण तोच एक नियम ठेवला, तर मळ्यातले आजोबा दर वेळी यादीतून गळतील.

तसेच फोटोचे. डबा हातात, मागे कंपनीच्या नावाची पट्टी, असा प्रत्येकाचा फोटो हवा होता. एका निवृत्त गृहस्थांनी फोटो काढू दिला नाही. दोन दिवस डबाच घेतला नाही. तिसऱ्या दिवशी सर स्वतः गेले, क्षमा मागितली, तेव्हा घेतला. मान न ठेवता दिलेले दान कोणत्या प्रकारात मोडते, ते वर आलेच आहे. पुढे त्या मुलीने फोटोची अट वगळून घेतली. त्यासाठी तिने वर काय उत्तर दिले असेल, ते तीच जाणे.

आता शेवटची गोष्ट. या सगळ्यानंतर सर म्हणाले, "कंपनीसाठी मोजलं, आता आपल्यासाठी मोजू या." तोवर आमचे स्वतःचे मोजमाप काय होते? डबा रिकामा परत आला म्हणजे जेवण झाले. आणि डबे रिकामेच यायचे. आम्ही निर्धास्त होतो. आता ताईंना एक दोनशे पानी वही दिली. रोज चार-पाच घरी दोन मिनिटे बसायचे आणि विचारायचे, काय खाल्ले, काय नाही खाल्ले, का? जमेल तसे लिहायचे.

तिसऱ्याच दिवशी वहीत ताईंच्या अक्षरात ओळ आली, 'आजी भाकरी शेजारच्या शेरडाला घालत्यात. दात नाहीत.'

दोन वर्षे आम्ही त्या आजींना भाकरी देत होतो. दोन वर्षे डबा रिकामा येत होता. १३,०२० मध्ये त्यांच्या ३१० जेवणांचा हिशेब होता, पैशाला पैसा लागत होता, आणि भाकरी शेरडू खात होते. आजी आमटी-भात तेवढा खात. मी विचारले, "आजी, सांगितलं का नाही?" म्हणाल्या, "फुकटचं खायाचं आणि वर नावं ठेवायची का बाबा?"

वाचकहो, घेणारा बोलत नाही. त्याला बोलण्याची चोरी असते. म्हणून तर देणाऱ्याने विचारायला हवे.

महिन्याभरात वहीतून आणखी कळले. ४२ पैकी सात जणांना डब्यातले काही ना काही चालत नव्हते. कोणाला तिखट, कोणाला मीठ. चौघे जण अर्धा डबा रात्रीसाठी झाकून ठेवत, कारण रात्री दुसरे काही नव्हते. आम्ही आजींना मऊ भात सुरू केला, चौघांच्या डब्यात जास्तीची भाकरी घातली, तिघांची भाजी वेगळी काढली. खर्च ३८ चा ४१ रुपये झाला. म्हणजे फॉर्मच्या हिशेबाने आमची कामगिरी घसरली. पण पुढच्या वर्षी मी ४१ च लिहिले, आणि खाली एक ओळ जोडली की वाढीव तीन रुपये कशाचे. त्या मुलीने ती ओळ वाचली. खुलासा मागितला नाही.

आपण दत्तसंप्रदायातले लोक. अवधूताने चोवीस गुरू केले, त्यांत पृथ्वी आहे, मधमाशी आहे, अजगरसुद्धा आहे. जिथे शिकण्यासारखे दिसले, तिथे त्याने मान लववली. माझ्यासारख्या कारकुनाला दोनशे पानी वही गुरुस्थानी लाभली, यात कमीपणा वाटत नाही. सदतीस वर्षे मी वह्या टॅली केल्या. टॅली होणे म्हणजे खरे असणे, असे मला वाटत असे. त्या वहीने तो गैरसमज घालवला.

म्हणून दान देणाऱ्यांना, आपल्यापैकी बहुतेक जण थोडेफार देतोच, हात जोडून सांगावेसे वाटते. ज्यांना देता त्यांना हिशेब अवश्य विचारा, लाजू नका. पण 'किती जणांना' याच्या आधी 'कोण सुटलं' ते विचारा. तुमच्या मदतीशिवाय काय झाले असते, तेही विचारा. सांगितलेला आकडा लहान असला तर नाक मुरडू नका, कारण तुमच्या नाकाकडे बघूनच समोरचा ४२ चे १३,०२० करतो. आणि मोजायला वेळ आणि पैसा लागतो, ताईंची ती दोन मिनिटे फुकट नसतात. त्याचेही थोडे द्या. विचारून जे कळेल, ते आधी त्या घेणाऱ्याच्या कामी आले की नाही, तेवढे बघा. ते नुसतेच वर गेले असेल, तर तो अहवाल आपल्या समाधानासाठी होता, असे समजावे.

हे मला पूर्ण साधले आहे असे नाही. ताई आता वहीत लिहितात, तेही सगळेच खरे असेल असे नाही. परवा मळ्यातल्या आजोबांपुढे नोंद होती, 'सगळं चांगलं.' सलग अकरा दिवस तेच. मला शंका आली. ताईंना विचारले तर म्हणाल्या, "ते बोलतच नाहीत, मी काय लिहू?"

तेव्हा या पौर्णिमेला देवळातला जन्मसोहळा आटोपला, की दुसऱ्या दिवशी दुपारचा डबा घेऊन मी स्वतः मळ्यात जाणार आहे. वही घरी ठेवून.

श्रीगुरुदेव दत्त.